गिअर पडत नाही? आधी मॅट बघा, मग गिअरबॉक्स

(हे या भागाचं शब्दांकन. बोलताना शंभर वेळा आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तितके काढलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.)

हेडफोन लावलेत ना? गाडी चालवत ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आज गाडीचे आवाज ऐकण्याबद्दलच बोलायचंय.

मागच्या भागानंतर बरेच मेसेज आले. त्यातले तीन-चार एकाच प्रकारचे होते. ‘दादा, सेकंड हँड गाडी घेतली, पहिला गिअर पडताना अडकतो.’ ‘रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज येतो, गॅरेजवाला गिअरबॉक्स उघडायचा म्हणतोय, काय करू?’ मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगतो. बीटेक आहे, तेही कॉम्प्युटरचं. दिवसभर लॉग वाचतो आणि दुसऱ्यांच्या चुका शोधतो, त्याचा पगार मिळतो. पण या विषयावर मी एकदा चांगलाच तोंडावर पडलोय, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

आमची गाडी साताऱ्याला असते. छोटी हॅचबॅक, पेट्रोल, पाच गिअर, सेकंड हँड. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही गाडीत होतं. बाबांनी ती निवृत्तीनंतर घेतली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, आयुष्यभर सायकल आणि नंतर स्कूटर. अठ्ठावन्नाव्या वर्षी मोटर ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं आणि शिकले. शिकले म्हणजे वहीत टिपणं काढून शिकले. ‘क्लच हळू. ॲक्सिलरेटर हळू. आरसा.’ अशी पानंच्या पानं.

आईच्या गुडघ्याचं तेव्हा फिजिओथेरपीचं चालू होतं, आठवड्यातून तीन दिवस. बाबा स्वतः गाडीने न्यायचे. रिक्षावाल्याला हात करायचा नाही, भाव करायचा नाही, आईला पाय लांब करून बसता यायचं. त्यांना त्याचा केवढा अभिमान होता ते मला तेव्हा कळत नव्हतं.

एक दिवस फोनवर म्हणाले, “अरे, गाडी पहिल्या गिअरला अडखळतीय. आणि सिग्नलला क्लच दाबून उभा असलो तरी हळूच पुढं सरकतीय.”

मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, “बाबा, तुमचा पाय सुटत असेल.”

नंतरच्या रविवारी घरी गेलो, गाडी काढली, पोवई नाक्यापर्यंत जाऊन आलो. मस्त. गिअर लोण्यासारखे. घरी येऊन जाहीर केलं की गाडीला काही झालेलं नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ युजरने तक्रार केली, डेव्हलपरने स्वतःच्या पद्धतीने एकदा चालवून बघितलं, तिकीट बंद. हेच मी ऑफिसमध्ये ज्युनिअरला करू देत नाही.

असं दोन-तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी जरा वैतागून बोललो, “तुम्हाला क्लचच जमत नाही अजून, राहू दे आता, रिक्षाने जात जा.” बाबा काही बोलले नाहीत. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लावली. त्यानंतर जवळजवळ पाच महिने ती तिथून फक्त मी घरी आलो की निघायची.

बरं, ती गोष्ट पुढे सांगतो. आधी गिअर टाकताना नेमकं होतं काय ते समजून घेऊ, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

बहुतेकांच्या डोक्यात असं चित्र असतं की गिअर बदलला की एक दातेरी चाक सरकून दुसऱ्यात अडकतं. आताच्या गाड्यांत तसं होत नाही. पुढे जायच्या सगळ्या गिअरच्या चाकांच्या जोड्या कायम एकमेकांत अडकलेल्याच असतात आणि फिरत असतात. त्यातली एकच जोडी एका वेळी शाफ्टला घट्ट बांधली जाते, बाकीच्या नुसत्या मोकळ्या फिरतात. तुम्ही दांडा हलवता तेव्हा आत एक कडं सरकतं, त्याला स्लीव्ह म्हणतात, आणि ते त्या एका चाकाला शाफ्टशी कुलूप लावतं. इतकंच.

अडचण अशी की कुलूप लावायच्या वेळी शाफ्ट एका वेगाने फिरतोय आणि चाक दुसऱ्या. चालत्या झोपाळ्यावर उडी मारून बसायचं तर आधी त्याच्या वेगाने पळावं लागतं, तसं. हे पळण्याचं काम करते सिंक्रोनायझर नावाची रिंग, बहुधा पितळेची. ती चाकाच्या निमुळत्या भागावर घासून, छोट्या ब्रेकसारखी, दोघांचा वेग एक करते. मग कडं गपकन बसतं. तुम्हाला हाताला जो मऊ ‘टक’ जाणवतो तो हा.

ही भानगड प्रवासी गाड्यांत पहिल्यांदा आणली कॅडिलॅकने, १९२८ मध्ये. त्याआधी ड्रायव्हरनेच पायाने आणि कानाने वेग जुळवायचा. माझा धाकटा मामा एसटीत ड्रायव्हर होता. तो अजून सवयीने गिअर बदलताना दोनदा क्लच मारतो. वरचा गिअर टाकताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, परत दाबून गिअर. खालचा टाकायचा असेल तर न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना ॲक्सिलरेटरला एक हलका ठोसा. लहानपणी मला वाटायचं मामाचा पाय थरथरतो. तो बिचारा त्या रिंगचं काम पायाने करत होता.

आता महत्त्वाचं. ही रिंग फार नाजूक कामासाठी केलेली आहे. तिला फक्त एका मोकळ्या शाफ्टचा आणि क्लच प्लेटचा वेग बदलायचा असतो. इंजिन तेवढ्यापुरतं बाजूला असायला हवं, आणि ते बाजूला करतो क्लच. क्लच पूर्ण सुटलाच नाही, अर्धवट चिकटून राहिला, तर ती रिंग थेट इंजिनाशी कुस्ती खेळते. मग गिअर अडतो, खरखरतो, किंवा पडतच नाही. आणि लोक म्हणतात, गिअरबॉक्स गेला.

म्हणजे गिअर पडत नाही ही तक्रार तीन वेगळ्या ठिकाणची असू शकते. क्लच सुटत नाही. किंवा दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी, म्हणजे केबल, रॉड, बुश, ढिली झालीय. किंवा खरंच आतलं काही झिजलंय. खर्च या क्रमाने वाढत जातो, साधारणपणे. गॅरेजमध्ये मात्र कधीकधी उलट्या क्रमाने सुरुवात होते.

आमच्याकडे तेच झालं. माझ्या पुढच्या खेपेला गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या मुलाने एक चक्कर मारली, ‘सर, सिंक्रो गेलेत, गिअरबॉक्स ओव्हरहॉल’ म्हणाला, आणि बेचाळीस हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. गाडीची तेव्हाची किंमत दीड-पावणेदोन लाख. बाबा म्हणाले, “विकून टाकू.” आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

मी तेव्हा बेचाळीस हजार भरायच्या बेतात होतो, कारण मला वाटलं पैसे भरले की मी बोललेलं मिटेल. (हसतो.) असो.

तर तुम्ही एस्टिमेटवर सही करायच्या आधी घरच्या घरी काय बघू शकता? हत्यार एकही लागत नाही.

सगळ्यात आधी मॅट. हसू नका. ड्रायव्हरच्या पायाखाली कंपनीची मॅट, तिच्यावर जाड रबराची मॅट, तिच्यावर पावसाळ्यात घातलेलं गोणपाट. क्लचचं पेडल खाली टेकायच्या आधी मॅटला टेकतं आणि शेवटचा इंचभर प्रवास होतच नाही. क्लच पूर्ण सुटायला नेमका तोच इंच लागतो. मॅट काढा आणि गिअर टाकून बघा. दुसरं, सीट. पाय पूर्ण ताणूनच पेडल तळाला जात असेल तर सीट मागे आहे. क्लच तळाला गेल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे.

मग इंजिन बंद करा. हँडब्रेक लावा, क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाका. एखादा अडला तर लगेच घाबरू नका. गाडी उभी असताना दाते समोरासमोर येऊन अडू शकतात. क्लच एकदा सोडून परत दाबा, किंवा गाडी जराशी हलवा, मग टाका. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि इंजिन चालू केलं की अडतात, असं असेल तर नव्वद टक्के, म्हणजे हे मोजून नाही बरं का, बोलायची पद्धत, तर बहुतेक वेळा संशय क्लचवर घ्यायचा. इंजिन बंद असतानाही दांडा जड जातोय, कुठे जातोय ते कळत नाही, तिसऱ्याऐवजी पाचवा लागतोय, दांडा खिचडीत फिरवल्यासारखा फिरतोय, तर जोडणी बघायची. त्यात बऱ्याचदा एखादं प्लास्टिकचं किंवा रबराचं बुश तुटलेलं असतं. वस्तू असते बोटाच्या पेराएवढी आणि किंमत असते एका मिसळीची. मजुरी वेगळी.

पुढची तपासणी रिव्हर्सची. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला ती सिंक्रोची रिंग नसतेच, म्हणून घाईत टाकला की खर्रर्र होतो. तो दोष गाडीचा नाही. इंजिन आयडलवर, गाडी पूर्ण थांबलेली, क्लच तळापर्यंत दाबा आणि मनात पाच आकडे मोजा. तेवढ्यात क्लच प्लेट आणि शाफ्ट फिरायचे थांबले पाहिजेत. आता रिव्हर्स टाका. गुपचूप पडला तर क्लच ठीक, तुमची घाई होती. पाच आकड्यांनंतरही खरखरला तर शाफ्ट अजून फिरतोय, आणि त्याला फिरवणारं इंजिनाशिवाय दुसरं कोण असणार?

आणि मग ती तपासणी, जी मी पाच महिने आधी करायला हवी होती. मोकळी सपाट जागा, पुढे भिंत नको, माणूस नको, झोपलेलं कुत्रं नको. इंजिन चालू, क्लच तळाला, पहिला गिअर. उजवा पाय ब्रेकच्या वर तयार ठेवा, पण दाबू नका. अर्धा मिनिट थांबा. गाडी जागची हलता कामा नये. हलली, तर क्लच दाबलेला असूनही सुटलेला नाही.

बाबांचं वाक्य आठवतंय? “क्लच दाबून उभा असलो तरी हळूच पुढं सरकतीय.” त्यांनी तपासणी करून निकालासकट कळवली होती.

आता साताऱ्याच्या त्या मिस्त्रींबद्दल. एमआयडीसीच्या बाजूला पत्र्याचं शेड, दोन गाड्या मावतील एवढं. मामाने पाठवलं, म्हणाला, पैसे भरायच्या आधी याला दाखव. मी गाडी लावली आणि सुरू झालो. सिंक्रो, ओव्हरहॉल, एस्टिमेट, यूट्यूबवर काय बघितलं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गाडी कोण चालवतंय?”

“बाबा चालवायचे.”

“मग तुम्ही उतरा. गुरुजी, तुम्ही बसा की.”

बाबा नको नको म्हणत होते. मिस्त्री शेजारी बसले. “रोज जशी चालवता तशीच चालवा. कुणाला दाखवायचं न्हाई.” शेडमधून बाहेर काढतानाच पहिला गिअर अडला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मिस्त्री म्हणाले, “आता पाय धरून ठेवा गुरुजी. तसाच.” वीस-पंचवीस सेकंद काही नाही, आणि मग गाडी अगदी मुंगीच्या पावलाने पुढे निघाली. पेडल तळाला होतं. मी खिडकीतून वाकून बघत होतो, बाबांचा पाय जराही हलला नव्हता.

“आता सोडा. आणि पटकन दाबा, दणका द्या.” गिअर सहज पडला. “आता परत हळू दाबा.” अडला.

मग बॉनेट उघडलं. आमच्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक आहे. म्हणजे पेडलमागे एक छोटा पंप, मास्टर सिलिंडर. तो ब्रेक ऑइल ढकलतो पाइपमधून गिअरबॉक्सजवळच्या दुसऱ्या सिलिंडरकडे, तो स्लेव्ह. स्लेव्हचा दांडा एक काटा ढकलतो आणि क्लच सुटतो. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असतो, तिथे बघता येत नाही. आमच्यात बाहेर आहे. मिस्त्री मला म्हणाले, “मोबाइल काढा. या दांड्याचा व्हिडिओ घ्या.” बाबांनी पेडल दाबून धरलं. दांडा बाहेर आला, थांबला, आणि मग, पेडल दाबलेलंच असताना, हळूहळू मागे जायला लागला. तो व्हिडिओ अजून आहे माझ्याकडे, एक्केचाळीस सेकंदांचा. मागे कावळा ओरडतोय आणि मी काहीच बोलत नाहीये.

“सायकलचा पंप वापरलाय का कधी?” मिस्त्रींनी मला विचारलं. उत्तर बाबांनीच दिलं. जुन्या पंपाचा आतला चामड्याचा वॉशर सुकला की दांडा हळू दाबला तर हवा बाजूने निसटते, ट्यूबमध्ये जातच नाही. जोरात दाबला तर वॉशर पसरतो, भिंतीला चिकटतो आणि हवा भरते. मास्टर सिलिंडरच्या आत तसंच रबराचं सील असतं. आमचं झिजलं होतं. झटकन दाबलं की सील पकडायचं, हळू दाबलं की ऑइल मागे निसटायचं. आणि पकडलं तरी जास्त वेळ धरून ठेवता यायचं नाही.

मी पेडलवर दणकाच देतो. सिग्नलला न्यूट्रल करतो. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर चालवतो. मला तो दोष दिसणं शक्यच नव्हतं. बाबा वहीत लिहिलंय तसं, ‘क्लच हळू’, हळू दाबायचे. खरं तर ती सूचना क्लच सोडण्याबद्दल असते. दाबायचा असतो पटकन आणि पूर्ण. शिकवणाऱ्याने तेवढं फोड करून सांगितलं नव्हतं, बाबांनी दोन्हीकडे लावलं. पण चांगल्या गाडीत हळू दाबूनही गिअर पडतो, हेही तितकंच खरं. चूक सीलची होती.

मी विचारलं, मग ऑइल कमी कसं झालं नाही? वर्कशॉपमध्येही टाकीतली पातळी बघितली होती, बरोबर खुणेवर होती. कारण गळती आतल्या आत होती. सीलच्या एका बाजूने निसटलेलं ऑइल परत टाकीतच येत होतं. बाहेर गळत असतं तर पेडलच्या वर, आतल्या भिंतीशी ओल दिसली असती, किंवा स्लेव्हच्या रबरी टोपीतून थेंब आले असते. तेही बघायचं असतं. बोट फिरवायचं, ओलसर तेलकट लागलं की समजायचं. बोट नंतर धुवा, आणि ते गाडीच्या रंगाला लावू नका. ब्रेक ऑइल रंग खातं.

इथे एक गंभीर गोष्ट. बऱ्याच गाड्यांत क्लचचं आणि ब्रेकचं ऑइल एकाच टाकीतून जातं. म्हणून पातळी खाली जात असेल तर नुसतं वरून ओतून गाडी पळवू नका, कुठून जातंय ते शोधा. आणि ओतायचं तर टाकीच्या झाकणावर जो प्रकार लिहिलाय तोच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटलीतून. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे कपाटात वर्षभर उघडी पडलेली बाटली विसरा. इंजिन ऑइल चुकूनही नको, आतली सगळी रबरं फुगतात, आणि मग ब्रेकही गेलेच.

दुरुस्ती काय झाली? नवा मास्टर सिलिंडर, स्लेव्हचं रबर किट, जुनं ऑइल काढून नवं, आणि पाइपमधली हवा काढणं. हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडल दाबून धरतो, दुसरा खालचा निपल ढिला करतो, बुडबुडे बाहेर येतात, निपल बंद, मग पेडल सोडायचं. परत. हवा राहिली तर पेडल स्पंजसारखं लागतं आणि तीन-चार वेळा पंप केल्यावरच गिअर पडतो. तुमच्या गाडीचं असं होत असेल, पंप केलं की बरं वाटतं, तर गिअरबॉक्सकडे बघायच्या आधी इथे बघा. पेडल बाबांनी दाबलं. मिस्त्री खालून ओरडायचे, “दाबा! धरा! सोडा!” आणि बाबा शाळेतल्या कवायतीसारखे करत होते. बिल तीन हजार चारशे.

तुमच्या गाडीत केबलचा क्लच असेल तर प्रकार आणखी सोपा. केबल ताणली जाते, तिचा एकेक धागा तुटत जातो, पेडल जड होतं. आधी ॲडजस्टमेंट बघायची. पेडलला वर थोडासा मोकळा खेळ असतो, किती ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. खेळ फार झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही. अजिबात नसला तर पूर्ण पकडत नाही, प्लेट घसरते आणि जळते. घसरणं ओळखायचं असं: चढावर चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी तिथल्या तिथे. आमच्याकडे यवतेश्वरच्या घाटात ज्यांची प्लेट संपत आलीय त्यांना हे दुसऱ्याच वळणावर कळतं. वासही येतो. तो वास एकदा घेतला की विसरत नाही.

क्लच उत्तम आहे आणि तरी एकच गिअर, समजा दुसरा, चालत्या गाडीत खरखरतोय, बाकी सगळे छान, तर मात्र संशय त्या गिअरच्या रिंगवर. तिथे गिअरबॉक्स खरंच उघडावा लागतो. पण त्याआधी गिअर ऑइल तपासा. किती आहे, कोणतं आहे. सकाळी थंड गाडीतच जड आणि तापल्यावर हलका, तर बहुधा ऑइलच. आणि ‘जास्त भारी आहे’ म्हणून कुणी जीएल-५ भरत असेल तर हात धरा. त्यातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत, आणि त्याच्या जास्त निसरडेपणामुळे रिंगला घासायला पकड कमी मिळू शकते. पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४.

गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला येत असेल, विशेषतः ॲक्सिलरेटर सोडताना, तर इंजिनाची माउंटिंग बघायला सांगा. रबर फाटलं की अख्खं इंजिन हलतं आणि दांड्याची जोडणी ओढली जाते. माउंटिंग ठीक असतील तर आतलं काम. आणि हो, दांड्यावर हात टेकवून गाडी चालवू नका. दिसायला भारी दिसतं, पण हाताचं वजन आतल्या काट्यावर जातं, आणि तो काटा फिरत्या कड्यावर घासत राहतो. मलाही ती सवय होती. सुटलीय असं म्हणत नाही.

आता खरं खरं सांगतो, आमची गाडी पूर्ण बरी झाली नाही. दुसरा गिअर अजून कधीतरी कुरकुरतो. वर्कशॉपच्या मुलाने सिंक्रो झिजलेत म्हटलं होतं ते साफ खोटं नव्हतं. सुटत नसलेल्या क्लचशी महिनोन्महिने झटून ती रिंग झिजलीच. पण आम्ही बेचाळीस हजार घालून नव्या रिंगा बसवल्या असत्या आणि सील तेच ठेवलं असतं, तर नव्याही त्याच वाटेने गेल्या असत्या. मिस्त्री म्हणाले, दुसरा गिअर टाकताना जरा थांबून टाका, चालेल अजून दोन-तीन वर्षं. मामाने बाबांना डबल क्लच शिकवायचा घाट घातला होता, आईने तो हाणून पाडला.

गॅरेजमधून परत येताना बाबांनीच गाडी चालवली. मी मागे बसलो. मी दोन-तीनदा तोंड उघडलं, सॉरी म्हणायचं होतं. शेवटी बाबाच म्हणाले, “पुण्यात तुमच्याकडे लोक तक्रार करतात तेव्हा तुम्ही त्यांना असंच सांगता का?”

मी म्हटलं, “हो. बऱ्याचदा.”

आई एवढी हसली की गुडघा धरून बसली.

आता किल्ली खिळ्यावर नसते, बाबांच्या शर्टाच्या खिशात असते. वहीत एक नवी ओळ आहे, ‘क्लच: दाबणे झटकन, सोडणे हळू.’ खाली तारीख आणि गाडीचं किलोमीटर रीडिंग.

तर ज्यांनी मेसेज केले होते त्यांनी आधी मॅट काढा, मग पाच आकडे मोजून रिव्हर्स, मग मोकळ्या जागेत अर्धा मिनिट पहिल्या गिअरला. काय झालं ते मला कळवा, जमलं तर व्हिडिओ पाठवा. गाडी घरातलं दुसरं कोणी चालवत असेल तर तपासणीला त्यांनाच बसवा, तुम्ही शेजारी बसा. पुढच्या भागात ब्रेकबद्दल बोलू, मिस्त्री यायला तयार झालेत, फक्त म्हणाले की माइक समोर धरू नका, बोलायचं सुचत नाही. भेटू.